घर बघायला शनिवारी या

संगमनेरात घर विकायला काढलेला माणूस गिऱ्हाइकाला शनिवारी बोलावत नाही. रविवारी सकाळी या म्हणतो, नाहीतर मधल्या वारी, चारनंतर, उन्हं कलल्यावर. तेव्हा गल्ली झाडलेली असते, ओट्यावर मांजर पसरलेलं असतं, समोरच्या घरातून कुकरची शिट्टी ऐकू येते आणि पुण्याहून आलेल्या माणसाला वाटतं, हेच ते, हेच आपण इतकी वर्षं शोधत होतो. तीच गल्ली शनिवारी दाखवली तर सौदा फिसकटेल अशी धास्ती असते. शनिवार म्हणजे आठवडे बाजार.

माझं म्हणणं उलटं आहे. बाजाराच्या गावात घर घ्यायचं असेल तर पहिल्यांदा बाजाराच्या दिवशीच जावं, आणि सकाळी लवकर जावं.

आम्ही संगमनेर धरलं ते नकाशा बघून. मुलगी नाशकात, धाकटा दीर पुण्यात. नाशिक इथून सत्तरेक किलोमीटर, पुणं एकशेचाळीसच्या आसपास. ह्यांना निवृत्तीनंतर नदीकाठचं गाव हवं होतं आणि मला भाजी पायी जाऊन आणता येईल असं. दोघांच्याही अटीत संगमनेर बसत होतं. प्रवरा आहे, तिला मिळणारी म्हाळुंगी आहे, जुनी पेठ आहे, दवाखाने आहेत, कॉलेज आहे. अनंत फंदी इथलेच. अठराव्या शतकात फटका रचून जगाला उपदेश करणारा शाहीर ज्या गावात जन्मला, त्या गावात सल्ल्याची टंचाई कुठून असणार? घर बघतोय एवढं चहाच्या टपरीवर बोललं की चार माणसं सरसावून पुढं येतात. ‘नदीकडं घेऊ नका.’ ‘नदीकडंच घ्या, बाकी सगळं माळरान.’ ‘पेठेत गाडी लागत नाही.’ ‘पेठेत कशाला हवी गाडी?’

पहिला वाडा बघितला तो योगायोगानं शनिवारी. एजंट नको नको म्हणत होता, पण आम्हाला दुसरा वार जमेना. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली ती थांबलीच. पुढं पायी. पठार भागातून पहाटेच्या गाड्यांनी आलेली माणसं, डोक्यावर पाट्या, जीपच्या टपावर कोंबड्यांच्या डालग्या, लसणाच्या माळा, सुक्या बोंबलांचा वास, जागेवरून चाललेली भांडणं. बाजारकरूंच्या त्या गर्दीतून आम्ही वाड्यापाशी पोचलो तर दारातल्या खालच्या पायरीवर एक म्हातारी गोणपाट पसरून बसलेली. पुढ्यात हुलगे, मटकी, गावरान लसूण आणि मेथीच्या जुड्या. आम्हाला आत जायचं आहे हे तिनं ओळखलं, एक जुडी उचलून बाजूला घेतली, पाऊल मावेल एवढी वाट करून दिली आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडं वळली.

‘या रोजच इथं बसतात?’ मी एजंटला विचारलं.

‘फक्त शनिवारी, ताई. त्यांची जागा आहे ती.’

‘जागा? पायरी तर वाड्याची आहे.’

‘पायरी वाड्याचीच. पण शनिवारी त्यांची. आधी त्यांच्या सासूबाई बसायच्या.’

आत घरमालकीण पाण्याचा तांब्या भरत होती, तो म्हातारीसाठी. बाजार उठला की म्हातारी उरलेली मेथी ओट्यावर ठेवून जाते, एवढाच व्यवहार. कुणी कुणाला पैसे देत नाही, लिहून तर मुळीच देत नाही. मी वकिलांकडून ३० वर्षांचा शोध अहवाल काढून घेणार होते, म्हणजे या मिळकतीवर कुणाचं कर्ज, कुणाचा दावा, कुणाचा बोजा आहे ते कळतं. त्या अहवालात ही म्हातारी येणार नव्हती. आणि उद्या आपण लोखंडी जाळीचं दार लावून पायरी बंद केली तर कायद्यानं आपल्याला कुणी काही म्हणणार नव्हतं. गल्लीनं मात्र म्हटलं असतं.

इंग्लंडातल्या बाजारगावांबद्दल मी पूर्वी कधीतरी वाचलं होतं. तिथं राजाच्या सनदेशिवाय बाजार भरवता येत नसे. तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टन नावाच्या कायदेपंडिताच्या ग्रंथात तर अंतराचाही हिशेब आहे: माणूस दिवसाला वीस मैल चालतो, त्याचे तीन भाग करा, एक जायचा, एक बाजार करायचा, एक उजेडी घरी परतायचा, म्हणून जुन्या बाजारापासून सुमारे पावणेसात मैलांच्या आत नवा बाजार नको. आपल्याकडं हे मैलांवर नाही, वारांवर वाटून घेतलं. शेजारच्या अकोल्याचा बाजार गुरुवारी, संगमनेरचा शनिवारी, कोपरगावचा सोमवारी. फिरत्या दुकानदाराचा आठवडा त्यातून लागतो. आणि पेठा काही आपोआप उगवल्या नाहीत. सरकार कौल देई, अमुक वर्षं जकात माफ, तमुक पट्टी माफ, या आणि वसा. शेटे आणि महाजन हे पेठेचे वतनदार. बाहेरून वाणी-उदमी आणून पेठेची वस्ती वाढवायची हे शेट्यांचं काम. म्हणजे नव्या माणसाला जागा दाखवणारा एजंट हा शेट्याचाच वंशज म्हणायचा, फक्त याला दोन टक्के दोन्हीकडून हवे असतात.

जुन्या पेठेतल्या घराची मांडणी त्या कौलाच्या काळापासूनची. रस्त्याकडं दुकानाचा गाळा, त्यामागं अंधारी खोली, मग चौक, मग स्वयंपाकघर, परसात आड, आणि वर माडी. तोंड अरुंद, पोटात लांबच लांब. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये प्रत्येक खोलीला खिडकी बघायची सवय झालेली; इथं उजेड वरून येतो, चौकातून. दुपारी बाराला चौकाच्या मध्यावर उन्हाचा चौकोन पडतो आणि तो दुपारभर भिंतीवर चढत जातो. मी त्या चौकोनासाठी वाडा घ्यायला तयार होते. ह्यांनी तुळई ठोकून बघितली आणि खाली पडलेल्या मातीवरून वाळवी लागल्याचं दाखवलं.

खरी वाळवी कागदात निघाली. पेठेतल्या घराचा सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते, नगर भूमापन कार्यालयातून काढायची. या वाड्याच्या पत्रिकेवर आजोबांनंतरची नावं वाचता वाचता वकील थांबले आणि त्यांनी पान उलटलं. मागंही नावं होती. एक मुंबईत, दोन पुण्यात, एक वारलेले आणि त्यांचे वारस लागलेले नाहीत. बहिणी तीन. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, हे आता गावातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे, तरी विकणारा म्हणतोच, ‘बहिणींचं काही नाही, त्या येऊन सही करतील.’ बहीण येते. सहीच्या दिवशी येते, निबंधकाच्या दारात येते, आणि तिथं तिला आईचे दागिने आठवतात. असं मी डोळ्यांनी बघितलं आहे, आमच्या सौद्यात नाही, बाकावर शेजारी बसलेल्यांच्या. ती बाई चुकीचं बोलत होती असं मला मुळीच वाटलं नाही. पण घर घेणाऱ्यानं इसाराची रक्कम हातावर ठेवण्याआधी सगळ्या बहिणींना एकदा भेटावं. हक्कसोडपत्र नोंदवलेलं आहे का बघावं. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी आणि ती अशा पेपरात द्यावी जो गावात वाचला जातो. हल्ली दस्तांवर जिल्ह्याची दोन नावं दिसतात, जुन्यावर अहमदनगर, २०२४ नंतरच्यावर अहिल्यानगर. त्यात काही खोट नाही, पण बँकेतला नवा पोरगा अडून बसला तर गोंधळून जाऊ नये. आणि घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. हे मी ह्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

वाडा सुटला. मग नदीकडं वळलो.

प्रवरेबद्दल बाहेरच्या माणसाला एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती स्वतःच बघावी लागते. एप्रिलचा महिना, आभाळात ढगाचा ठिपका नाही, पात्रातल्या खडकांवर धुणी वाळत घातलेली, आणि सकाळी उठून बघावं तर नदी भरून वाहते आहे. पाऊस कुठंच नाही. चहावाला म्हणतो, ‘आवर्तन सुटलं.’ वर अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचं धरण, १९२६ मध्ये पुरं झालेलं. त्याचं पाणी शेतीला सोडतात तेव्हा ते लगेच कालव्यात जात नाही. नदीच्याच पात्रातून अकोल्यावरून, संगमनेरावरून खाली येतं आणि पुढं ओझरच्या बंधाऱ्याशी अडवून डाव्या-उजव्या कालव्यांत वळवतात. तिथून ते राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडच्या उसाला. म्हणजे संगमनेरकर शंभर वर्षं काठावर उभा राहून पाणी पुढं जाताना बघतो आहे. त्याच्या बोलण्यात पाण्याचा विषय निघाला की जी धार येते ती इथली आहे. वरच्या निळवंडे धरणाला १९७० मध्ये मंजुरी मिळाली आणि डाव्या कालव्यात पाणी सोडण्याचा सोहळा २०२३ च्या ऑक्टोबरात झाला. मधल्या काळात दुष्काळी गावांतली एक पिढी वाट बघत म्हातारी झाली. संगमनेर शहराला मात्र निळवंड्यातून थेट जलवाहिनी आली, त्यामुळे नळाच्या पाण्याचं सुख आहे. जिल्ह्यातल्या दुसऱ्या कितीतरी गावांतून उन्हाळ्यात चार-चार दिवसांनी पाणी सुटतं. घर बघताना स्वयंपाकघराच्या फरशीआधी छतावरच्या टाक्या मोजाव्या त्या यासाठी.

नदीकाठी आम्हाला दाखवलेली जागा सुरेख होती. मागच्या गॅलरीतून पलीकडचा काठ दिसे, संध्याकाळी बगळे परतत. बांधणाऱ्यानं सांगितलं, ‘इथवर पाणी कधी आलं नाही.’ असं सांगणाऱ्याचं वय विचारावं. तो पस्तिशीचा होता. नदीची आठवण त्याहून लांब असते. पाटबंधारे खातं पूररेषा आखतं: निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येईल अशा पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्यामध्ये बंधनं. हा नकाशा नगरपालिकेत बघायला मिळतो, मागावा लागतो, जरा चिवटपणे मागावा लागतो. आम्ही तो मागितला तेव्हा बांधणाऱ्याला अचानक दुसरं काम आठवलं. मग मी शेजारच्या जुन्या घरात पाणी प्यायच्या निमित्तानं शिरले. तिथल्या आजींनी काही न बोलता जात्याच्या खोलीतली भिंत दाखवली. कमरेच्या उंचीवर एक पिवळट, फुगीर रेघ भिंतभर गेलेली होती. तिच्या वर चुना धरला होता, खाली धरत नव्हता. ‘दर दिवाळीला पोपडे खरवडते,’ त्या म्हणाल्या. कुठलं साल ते त्यांनी सालानं नाही सांगितलं, थोरल्याच्या लग्नाच्या आदल्या पावसाळ्यात म्हणाल्या.

तरीही नदीचा मोह सुटत नाही, हे खरं. आजी तरी कुठं सोडून गेल्या होत्या?

मग एजंट आम्हाला गावाबाहेर घेऊन गेला. घुलेवाडी, गुंजाळवाडी, सुकेवाडी. पत्ता सगळीकडं संगमनेरचाच सांगतात, जाहिरातीतही तोच असतो. पण ग्रामपंचायत वेगळी, घरपट्टी वेगळी, पाण्याची योजना वेगळी, कचऱ्याची गाडी येते की नाही तेही वेगळं. शहराची जलवाहिनी दाखवून हद्दीबाहेरचं घर विकलं जातं. इथं बघायचे कागदही पालटतात. सातबारा, बिनशेतीचा आदेश, मंजूर रेखांकन, आणि रेखांकनात दाखवलेला नऊ मीटरचा रस्ता जमिनीवर खरोखर नऊ मीटर आहे का, ते पावलं टाकून. गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या जमिनींची वेगळीच कथा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानं शेताचे बारीक तुकडे विकता येत नसत, तरी नोटरीच्या कागदावर ते विकले गेले, त्यावर घरं चढली, पोरं शाळेला गेली. ती घरं आता पाडणार कोण? सरकारनं २०२५ मध्ये शहराजवळच्या अशा व्यवहारांना वाट करून द्यायचं ठरवलं. ज्यांनी घेतली त्यांना हायसं वाटलं असेल. पण नव्यानं घेणाऱ्यानं ‘होऊन जाईल रेग्युलर’ या तीन शब्दांवर आयुष्याची पुंजी लावू नये.

बाहेरच्या वस्तीत हवा मोकळी, चांदणं भरपूर आणि रात्री बिबट्या. हसू नका. ऊस जिथं घरांना टेकतो तिथं तो येतो, मादी उसातच पिलं घालते आणि ऊस तुटला की घर बदलते. शेजारच्या अकोल्यात विद्या अत्रेय यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला होता, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला: जंगल नसलेल्या, माणसांनी गजबजलेल्या शेतीच्या खोऱ्यात शंभर चौरस किलोमीटरला पाचेक प्रौढ बिबटे. इथल्या माणसाला त्या आकड्याचं नवल नाही. तो संध्याकाळी पोरांना आत घेतो, कुत्रं बांधत नाही, बांधलं तर पडवीत घेऊन दार लावतो. एजंट म्हणाला, ‘ताई, कुत्रं पाळू नका, झालं.’ शहरातून येणारा प्रत्येक जण बंगला घेतला की पहिल्यांदा कुत्रं आणतो, हे त्याला पाठ होतं.

आणि रस्ता. पुणे-नाशिक रस्ता पूर्वी गावातून जायचा. चंदनापुरीचा घाट उतरून आलेली एसटी स्टँडवर थांबायची, माणसं भेळभत्ता घ्यायची, पेठेची निम्मी कमाई त्या थांब्यावर होती. चौपदरी झाल्यावर वळणरस्ता बाहेरून गेला. आता पुण्याची गाडी हिवरगाव पावसाच्या टोलनाक्यावर थांबते तेवढीच. गावातला गोंगाट कमी झाला, ट्रक गेले, धूळ गेली. काही हॉटेलंही गेली. घर घेणाऱ्याला हे बरंच, दुकान घेणाऱ्याला नाही, आणि पेठेत घर आणि दुकान एकाच जोत्यावर असतात, तेव्हा दोन्ही हिशेब एकदम करावे लागतात. रेल्वेचं तर विचारूच नका. पुणे-नाशिक वेगवान रेल्वे संगमनेरावरून जाणार म्हणून मोजण्या झाल्या, खुणा रोवल्या गेल्या, आणि स्टेशन होणार त्या बाजूच्या माळाला सोन्याचा भाव आला. पुढं खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला या मार्गाचा अडथळा होईल अशी हरकत निघाली आणि मार्ग शिर्डीकडून वळवण्याची भाषा सुरू झाली. संगमनेरात त्यावरून मोर्चे, बैठका झाल्या. रेल्वे यावी असं मलाही वाटतं. पण आम्हाला एका माळावर उभं करून ‘इथून स्टेशन चालत’ असं सांगितलं गेलं तेव्हा ह्यांनी शांतपणे विचारलं, ‘आणि स्टेशन नाही आलं तर इथून काय चालत?’ त्यावर तो गृहस्थ मनापासून हसला. बाजाराच्या गावात असं आहे, खोटं पकडलं तरी माणूस रागावत नाही, भाव उतरवतो.

या सगळ्या हिंडण्यात मी एका गोष्टीसाठी मात्र अडून बसले, पेठेपासून लांब नको. त्याचं कारण चंद्रशेखर चौकातला मारुती. हनुमान जयंतीला त्याचा रथ निघतो आणि तो पहिल्यांदा बायका ओढतात. १९२९ मध्ये इंग्रज सरकारनं मिरवणुकीला बंदी घातली होती. २३ एप्रिलला, जयंतीच्या सकाळी, रथाभोवती पोलीस उभे. पुरुष अडले. तेव्हा झुंबरबाई अवसक आणि त्यांच्याबरोबरच्या बायका पोलिसांचं कडं तोडून रथावर चढल्या, मूर्ती ठेवली आणि दोर हातात घेतले. तेव्हापासून मान बायकांचा. गंमत पुढं आहे: ज्या खात्यानं रथ अडवला त्याच खात्याचे लोक आता दर वर्षी पोलीस ठाण्यातून वाजतगाजत ध्वज घेऊन येतात, तो लागल्यावर रथ हलतो. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा नुसती बघ्यांच्या बाजूला उभी होते. एका बाईनं माझी पर्स स्वतःच्या नवऱ्याकडं दिली, मला खांद्याला धरून पुढं घेतलं आणि दोराला हात लावायला लावला. कुठली, कुणाची, काही विचारलं नाही. ते सगळं नंतर विचारलं, रथ चौकातून बाहेर पडल्यावर, आणि सविस्तर विचारलं: माहेर, सासर, पोरं किती, पुण्यातलं घर विकलं का ठेवलं.

कारण इथं आपण घर बघत असतो तेव्हा गावही आपल्याला बघत असतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचा धंदा गिऱ्हाईक ओळखायचा, त्यांनी तुम्हाला ओळखू नये असं कसं होईल? आम्ही कुठल्या खानावळीत जेवलो, वांगी घासाघीस करून घेतली की सांगेल त्या भावानं, हे एजंटला आमच्याआधी कळलेलं असे. पहिल्यांदा मला याची धास्ती वाटली. पुण्यात आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचं आडनाव मला दारावरच्या पाटीमुळे माहीत होतं. ज्याला एकटं राहायचंय, कुणी विचारू नये असं वाटतं, त्यानं खुशाल बाहेरच्या वस्तीत कुंपण घालून राहावं. इथं दुपारी झोपलात तर चौकशी होते, बरं नाही का म्हणून.

शेवटी आम्ही काहीच विकत घेतलं नाही, अजून तरी. घेण्याआधी एक पावसाळा आणि एक उन्हाळा भाड्यानं काढावा असं ठरवलं आणि पेठेतल्या एका वाड्याची माडी घेतली. एजंट नाराज झाला, भाड्यात त्याला महिन्याभराचंच मिळालं. माडीला सज्जा आहे, जिना अंधारा आहे, न्हाणीघराचं दार पावसात फुगतं असं आधीच सांगितलेलं आहे. पहाटे दुधाच्या गाडीनं जाग येते. शनिवारी त्याही आधी.

सामान आलं त्या दिवशी टेम्पोतून कपाट उतरवत होतो तेव्हा समोरच्या वहिनी चहा घेऊन आल्या. कप हातात देता देता त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो ‘किराणा कुठून भरणार?’

ह्यांनी मोबाइल दाखवून सांगितलं की आता सगळं घरपोच मागवता येतं. वहिनी काही बोलल्या नाहीत. खालच्या काकू तेवढ्यात बाहेर आल्या. ‘कोपऱ्यावरून भरा, जुनं दुकान आहे, उधारी लिहितात.’

‘कोपऱ्यावरची डाळ शिजत नाही,’ वहिनी म्हणाल्या. ‘चौकातून भरा. निवडून पाखडून देतात.’

‘चौकातला तुमचा मावसभाऊच ना?’

‘असेल. म्हणून काय डाळ खोटी होते?’

आम्ही कपाटाचं एकेक टोक धरून जिन्याच्या तोंडाशी उभे. त्यांचं मिटलं नाही. संध्याकाळी दाराशी दोन पोरं आली, एक कोपऱ्यावरच्या दुकानाचं, एक चौकातल्या. दोघांकडं वही होती. कोपऱ्यावरच्यानं पान उघडून दाखवलं, वर आमचं नाव आधीच लिहिलेलं होतं: ‘पुणेवाले, माडी.’ खाली सामानाची जागा कोरी.

‘आजी, साखर किती लिहू?’ तो म्हणाला.